खालून कोण म्हणालं, ‘हलव’?

ऐका. जवळ सरका आणि हसू नका. हसलात तर मी उठून जाईन. ही गोष्ट मला रागानंच सांगता येते. इतकी वर्षं झाली, पण राग काही उतरत नाही.

तुमच्या बापाचा पाय मोडला होता. माझा धाकटा भाऊ भैरू, नारळाच्या झाडावरून पडला. पायाला दोन फळ्या बांधल्या, जीपमध्ये मागं आडवा टाकला आणि अंधार पडल्यावर आम्ही तालुक्याला निघालो. गाडी चालवायला तुमचे मामा, म्हणजे माझे मालक. तेच, पलीकडं घोरतायत ते.

आता जीप कसली, ते ऐका. म्हातारी जीप. स्टेअरिंग इतकं ढिलं, की चार बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नसायचा. मी रोज सांगायची, "अहो, दाखवा कुणाला तरी." आणि मामांचं एकच उत्तर, "चालतंय की!" हँडब्रेक मेला. चालतंय की. दार दोरीनं बांधलं. चालतंय की. अंगाची आग व्हायची माझ्या!

वाट होती बिबीच्या खिंडीची. डाव्या हाताला दरी, उजवीकडं डोंगर. तिथं चकवा आहे हे पोरासोरांनाही ठाऊक. चालत्या माणसाला तो गोल गोल फिरवतो. मी म्हटलं, "लांबून जाऊ." मामा म्हणाले, "भैरू कळवळतोय, आणि तू लांबून जाऊ म्हणतेस?" निघालो त्याच वाटेनं.

खिंड लागली आणि गाडी डावीकडं ओढायला लागली. हळूहळू. कुणी पदर धरून ओढावं तशी.

मामा उतरले. "डाव्या चाकात हवा कमी असेल." टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी कांब, मारून बघितली. टण्ण! चाक दगडासारखं कडक. हवा पुरेपूर. निघालो. पुन्हा डावीकडं, आता जोरात. पुन्हा उतरले. "ब्रेक चिकटला असेल. चिकटला तर चाक तापतं." हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"तापलंय?" मी विचारलं.

"गार आहे," म्हणाले. "विहिरीतल्या पाण्यासारखं गार."

अरे, एवढा घाट उतरलेलं चाक गार असतं का कधी? कुणी धरून ठेवलं होतं ते? पण नाही! मामांना वाटलं, आपण मोठे जाणकार. म्हणाले, "मग स्टेअरिंगचा जॉइंटच ढिला. मी खाली जातो, तू वर बसून स्टेअरिंग हलव. कुठला जॉइंट उडतोय ते दिसेल." चाकाला एक दगड लावला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि बॅटरी घेऊन अंधारात गेले.

मी बसले स्टेअरिंगवर. मागं भैरू कण्हत होता. खालून आवाज आला.

"हलव."

हलवलं.

"अजून हलव."

अजून हलवलं. खाली खट खट वाजलं. मी विचारलं, "तुटलंय का हो काही?"

खालून आवाज, "चालतंय की."

आता सांगा, मी काय समजावं? शब्द मामांचा. आवाज मामांचा. तो हेलसुद्धा मामांचाच! त्या मेल्यानं दुसरा कुठला शब्द चोरला असता, तर मी ओळखलं असतं. पण आमच्या घरात दिवसभर तोच एक शब्द. भुतालाही तोंडपाठ झाला असेल!

"हलव," पुन्हा खालून. मी हलवतेय. हलवतेय. आणि समोर, वळणावर, बॅटरीचा उजेड दिसला. कुणीतरी मोठा दगड पोटाशी धरून येत होतं. जवळ आले तर मामा!

म्हणाले, "अगं ए, आत्तापासून काय हलवतेस? मी अजून खाली गेलोच नाही. एका दगडावर भरवसा नाही, म्हणून दुसरा शोधत होतो."

आणि खालून आवाज आला, "हलव."

मामांच्या हातातला दगड पडला.

गिअर खट्टकन निसटला आणि गाडी सुटली! उताराला! मी कधी गाडी चालवलेली नाही. कुठल्या पेडलवर पाय देत होते, देव जाणे. एकही धरत नव्हतं. मागं तुमचा बाप, फळ्या बांधलेला. उडी कशी मारणार? मी मारली असती रे, पण त्याला टाकून कशी मारू? मामा मागून धावतायत, ओरडतायत, काही ऐकू येत नाही. आणि अगदी माझ्या कानाशी मामांचा आवाज.

"गोदावरी, डावीकडं फिरव! डावीकडं!"

ऐका, इथं ऐका. लग्नाला किती वर्षं झाली होती आमच्या! तुमच्या मामांनी मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. अगं ए, नाहीतर ऐकलं का. उखाण्यातसुद्धा पुटपुटून नाव घेतलं होतं. आणि हा गोदावरी म्हणतोय?

मी उजवीकडं फिरवलं.

चार बोटं गेली. काही नाही. वीतभर गेलं. काही नाही. नुसतं रिकामं फिरत होतं, आणि खालून कुणीतरी डावीकडं खेचत होतं. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी त्याला शिव्या घातल्या. कसल्या शिव्या! पोरांनो, तुमच्यासमोर काढत नाही. त्याला घातल्या, तुमच्या मामांना घातल्या, त्या ढिल्या स्टेअरिंगला घातल्या. दोन्ही पाय रोवून, अख्खं अंग उजवीकडं टाकलं. खाली कुणाचा तरी हात सुटल्यासारखं झालं. चाकानं ऐकलं. गाडी डोंगराच्या चरात घुसली आणि मातीला धडकून थांबली.

मामा धापा टाकत आले. भैरू जिवंत होता. रडत होता, पण जिवंत. बॅटरी मारली तर त्याच्या पोटावर दगड! चाकाला लावलेला तोच.

"आक्का," तो म्हणाला, "दाजींनी मघाशी दिला हा. म्हणाले, धरून ठेव."

उजाडेपर्यंत आम्ही तिघं एकमेकांना धरून बसलो. मी शिव्या थांबवल्या नाहीत. सकाळी ट्रकवाले आले, त्यांनी खाली बघितलं. जॉइंटची पिन कधीच पडलेली. नट शेवटच्या आट्यावर लोंबत होता.

काय म्हणालास, यशा? "मग आत्ती, चूक पिनची की चकव्याची?"

दोघांची, मूर्खा! सगळं घट्ट असतं तर तो हात कुठं घालणार होता? ढिलं सापडलं म्हणून तर त्याला धरता आलं!

तेव्हा सांगून ठेवते. बिबीच्या खिंडीतून अंधार पडल्यावर जायचं नाही. गाडी नवी असो, जुनी असो. आणि गेलातच, गाडी ओढायला लागली, आणि खालून आपल्या माणसानं ‘हलव’ म्हटलं, तर हात लावायचा नाही. आधी त्याला म्हणायचं, बाहेर ये, तोंड दाखव.

आपलं माणूस असेल तर चिडून का होईना, बाहेर येतं. दुसरं जे असतं ना, ते नुसतं हसून पुन्हा म्हणतं, हलव.