निळे धागे

दातांच्या दवाखान्यात निवृत्त ग्रंथपालांनी पुस्तक उघडलं खरं, पण कान शेजारच्या बाकावर गेले. तिथे विज्ञानाच्या बाई आणि त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या.

“तोंड का पाडलंस? दात माझा काढायचाय.”

“आई, पोरांनी नदीचं पाणी गाळलं, त्यात प्लास्टिकचे बारीक धागे सापडले. सगळे निळे. उद्या पालकांसमोर पोरं तेच सांगणार होती.”

“मग सांगू देत की!”

“आज ताडून बघायला शुद्ध पाणी गाळलं. त्यातही निळेच!”

“ते कुठून आले?”

“प्रत्येक बशीवर मीच वाकून बघत होते ना. तुम्ही विणलेला निळा स्वेटर घालून.”

“माझा स्वेटर गळत नाही!”

“भिंगाखाली गळतो.”

“मग गप्प बस. कोण बघतंय?”

“पोरांनीच पकडलं मला! उद्या चूक कबूल करायची आणि नदीवर पुन्हा जायचं.”

“माझं नाव घेऊ नकोस म्हणजे झालं.”

“पोरांनी तुम्हालाच बोलावलंय.”

“शिव्या घालायला?”

“लोकर कसली होती, मेंढीची की प्लास्टिकची, ते विचारायला.”

सासूबाई सावरून बसल्या.

“पालकही असतील?”

“सगळे.”

“मग ती जांभळी मऊ शाल घेते.”

“आई!”

“बरं बाई, सुती घेते. आणि अहो, इतका वेळ ऐकताय, तुमचा मफलर कुणी विणला?”

ग्रंथपालांनी पुस्तक नाकापर्यंत वर घेतलं.

“विकतचा आहे.”

“बघ! तो नक्की गळत असणार.”