अंगठ्यातली कत्तल

…आणि सर्जनबाई म्हणाल्या, "कापावं लागेल!" कापावं? अहो, ती काय फांदी आहे? माझा उजवा अंगठा आहे, तीस वर्षं रंधा धरलाय त्याने! सुताराचा अंगठा गेला तर उरतं काय, टाळ्या वाजवणं? एक कुसळ घुसलं हो, चौकट तासताना, एवढंसं… आणि चार दिवसांत अंगठ्याचं वांगं! जांभळं, तुळतुळीत, आणि ठणका असा की आतून कुणी घणच घालतंय!

तुम्हाला सांगतो, मी काही स्वस्थ बसलो नव्हतो. गोळ्या घेतल्या की! आमच्या घरची रीतच आहे, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात. बायको एकेक गोळी कात्रीने कापून ठेवायची, वर चिकटपट्टीवर लिहायची, 'घसा', 'दात', 'ताप'. ती जाऊन दोन वर्षं झाली, डबा तसाच आहे. आता त्यात 'अंगठा' नव्हता… म्हणून सगळ्यांतली एकेक घेतली!

बाईंनी हे ऐकलं आणि सुरी उपसल्यासारखं पेन उपसलं. "काका, मारायचं तर पुरतं मारावं!"

कुणाला? तर जंतूंना! बाई एवढीशी, आवाज मऊ, आणि बोलणं खाटकाचं! मी सोबत नेलेल्या डब्यातली एकेक गोळी उचलत म्हणाल्या, "हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं. जंतूच्या भिंतीला सुरुंग लावतं. भिंत गेली की जंतू फुगतो आणि फाट्टकन फुटतो." फाट्टकन! "डॉक्सीसायक्लिन भिंतीला हात लावत नाही, आत शिरून कारखाना बंद पाडतं. प्रथिनं बंद, वाढ बंद, मग तुमच्या पांढऱ्या पेशी लचके तोडतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्याच्या डीएनएचे तुकडे करतं. आणि सल्फा उपाशी मारतं." बाप रे! एवढे मारेकरी माझ्या स्वयंपाकघरात, बडीशेपेच्या शेजारी!

मी हळूच म्हटलं, "सर्दीला मात्र लगेच गुण यायचा हं…" बस्स! "सर्दी विषाणूची! त्याला भिंत नाही, स्वतःचा कारखाना नाही! मग तुमच्या गोळीने मारलं कुणाला? पोटातल्या निरुपद्रवी जंतूंना! दुबळे मेले, दांडगे उरले, त्यांची पिलावळ वाढली. काका, मारायचं तर पुरतं मारावं, आणि ज्याला मारायचं त्यालाच मारावं!"

मग माझा पू काचेच्या ताटलीत पेरला, वर औषधांच्या टिकल्या मांडल्या. दोन दिवसांनी मला दाखवलं. "औषध लागू पडलं तर टिकलीभोवती मोकळं मैदान दिसतं." बघतो तर काय, पहिल्या टिकलीला जंतू खेटून बसलेले! दुसरीला खेटून! तिसरीवर तर जवळजवळ चढलेले! माझ्याच पुवात वाढले आणि माझ्यावरच गुरगुरतायत! दोनच टिकल्यांभोवती मैदान. एक अगदी शेवटच्या उपायासाठी राखून ठेवलेलं, शिरेतून द्यायचं, मूत्रपिंड सांभाळत, दुसरं गोळीचं.

"आणि अंगठा?"

"वरचं पेर मेलंय, काका. ते ठेवलं तर हात जाईल."

गेलं हो पेर. हात बधिर केला होता, पण करवतीचा आवाज सुताराला कळतो… पुढे दहा दिवस सलाइन. शिरेत कत्तल, पोटात कत्तल, मी अर्धा दिवस संडासात! पण अंगठ्याचं खालचं पेर वाचलं. रंधा धरता येईल, म्हणाल्या, वाकडा का होईना. घरी सोडताना स्ट्रिप हातात दिली, सात दिवसांची. "शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत थांबायचं नाही. मारायचं तर…"

"पुरतं मारावं!" मीच म्हटलं.

घरी आलो, डबा औषधांच्या दुकानात नेऊन दिला, चिकटपट्ट्या तेवढ्या काढून घेतल्या. मग गोळी घ्यायला बसलो. आणि तुम्हाला सांगतो, स्ट्रिपमधून गोळी ढकलायला काय लागतं? अंगठा! उजवा हात बांधून भोपळा केलेला, डावा सुया टोचून सुजलेला. दाताने फोडली, निम्मी गोळी जमिनीवर! आता अर्धी खाऊन कसं चालेल? गेलो शेजारच्या रंगाऱ्याकडे. "भाऊ, एवढी गोळी काढून दे."

त्याने टप्पकन काढून दिली. मग स्ट्रिप उलटसुलट बघितली. "दादा, भारी दिसतेय. एक मी घेऊ का? सकाळपासून शिंका येतायत."

ओरडलो! भिंत, कारखाना, विषाणू, सगळं सांगितलं! तो शांतपणे म्हणाला, "बरं बरं. पुरतं मारायचं ना? मग दोन घेतो."

स्ट्रिप हिसकून पळालो खरा… पण करता काय? रात्री परत त्याच्याच दारात. चांगले अंगठे त्याच्याकडे आहेत.