वेबसाइटच्या नावाची शेवटची सूचना

जबाब देणार : तात्या घड्याळवाले, वय ७४ वर्षे, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. माझी पत्नी शिवणकाम शिकवत असे. तीन वर्षांपूर्वी आजारपणात तिचे निधन झाले. तिने स्वतःची वेबसाइट केली होती. काज कसे करावे, कॉलर कशी लावावी, असे तिचे एकेचाळीस व्हिडिओ त्यावर आहेत. दिसतात फक्त हात, पण आवाज तिचा आहे. एकात मध्येच "अहो, तो पंखा बंद करा ना," असे ती मला म्हणते, तेही आहे. शिवणातले मला ओ की ठो कळत नाही. तरी रोज दुकान उघडण्याआधी मी एक व्हिडिओ लावतो.

तिचा फोन मी चार्ज करून ठेवतो. गेल्या सोमवारी सकाळी सव्वानऊला त्यावर 'शेवटची सूचना' असा ईमेल आला. वेबसाइटच्या नावाची मुदत संपत आहे, आजच पैसे न भरल्यास साइट कोणालाही सापडणार नाही, असे त्यात होते. माझ्या तोंडचे पाणी पळाले.

चौकशी का केली नाही, असे हवालदारबाईंनी विचारले. कारण असे की, घड्याळ न्यायला न येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दोन चिठ्ठ्या पाठवतो. तिसरीवर 'शेवटची' लिहितो, आणि ती शेवटचीच असते. बावन्न वर्षांत तो शब्द मी उगाच लिहिलेला नाही. दुसराही लिहीत नसेल असे धरून चाललो आणि पैसे भरून मोकळा झालो.

बुधवारी मुलगी आली. मी कौतुकाने पावती दाखवली. ती म्हणाली, "अहो बाबा, आईने नाव नोंदवलं ती कंपनी वेगळीच आहे. आणि हे खाली बघा." ईमेलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होते की, हे बिल नाही, इंटरनेटवरच्या शोधयादीत नाव घालण्याची ऐच्छिक सेवा आहे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा मी, आणि मलाच ते दिसले नाही! स्वतःचा भयंकर राग आला. ती म्हणाली, "घाई करायला लावणारा मेल आला की आधी मला फोन करायचा. कधीही करा."

मग तिने खऱ्या कंपनीकडे आईच्या खात्यात मुदत पाहिली. अजून सात वर्षे शिल्लक आहेत. पत्नीने एकदम दहा वर्षांची नोंदणी केली होती. तारीख तिच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची आहे. मला ती एका शब्दाने बोलली नव्हती.

ईमेल पाठवणाऱ्यांवर कारवाई व्हावी. वेबसाइट आता माझ्या नावावर करायची का, असे विचारले असता मी नको म्हणालो. ती तिचीच आहे. सात वर्षांनी मी एक्याऐंशीचा होईन, तेव्हा मुदत मी वाढवीन. तोवर मला राहायलाच हवे.

लिहून घेतलेले हवालदारबाईंनी मला सावकाश वाचून दाखवले. मी सांगितले तेच आणि तेवढेच त्यात आहे.