जनूकाकांची पाणचक्की आणि हॉलची चावी

काकी, गावकरी मंडळी आणि सेक्टरमधले शेजारी,

तुम्ही सगळे एका छपराखाली बसलात, हे बघायला जनूकाका हवे होते. एरवी पार्किंगवरून भांडता. काका गेल्यापासून मला एका जागी उभंच राहवत नाही. येरझाऱ्या घातल्या तर चालवून घ्या.

काकांचा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या आज्याची इथल्या ओढ्यावर पाणचक्की होती. अख्खं गाव तिथं तांदूळ दळायचं. आपण हसायचो. मिठागरांच्या गावात कसली पाणचक्की? पोरंसोरं 'चक्कीवाला' म्हणून चिडवायची. काकांना त्या जागेवर एकदा हात टेकवायचा होता. बस, एवढंच.

मग कुठूनसा त्यांनी जुना नकाशा मिळवला. ओढ्याकाठी बारीक अक्षरात लिहिलेलं, पाणचक्की! माझ्या टेबलावर तो आपटून म्हणाले, "वाच, लेखका. जोरात वाच."

काकींच्या शिवणाच्या डब्यातला दोरा नकाशातल्या ओढ्याच्या वळणांवर बसवायचा, गावदेवीच्या देवळापासूनचं अंतर काढायचं, आणि निघायचं. टेप घेऊन ते पुढे, मी मागे. दर वेळी पोचायचो ते मॉलच्या पार्किंगमध्ये. वॉचमन विचारायचा, "काका, गाडी कुठाय?"

"गाडी नाय रं, चक्की शोधतोय."

"पिठाची गिरणी मागच्या गल्लीत."

पुन्हा मोजायचो. पुन्हा पार्किंग. चुकत कुठं होतं?

या वर्षी देवीची पालखी निघाली. रिवाजाप्रमाणे सिग्नलच्या चौकात थांबली, नारळ फुटला, मागे हॉर्न सुरू झाले. का थांबते पालखी तिथं? देवीचं मूळ ठाणं तिथं होतं. रस्ता रुंद झाला, देऊळ हलवलं. काकांनी जन्मभर त्या चौकात पालखी थांबवली, आणि आम्ही मोजत होतो नव्या देवळापासून! पालखी खांद्यावर असतानाच ते ओरडले, "आरं लेखका, देवी हलली! नकाशातली तिथंच हाय!"

दुसऱ्या दिवशी चौकातून मोजलं. टेप थेट इथं आली. या हॉलच्या कुलपापाशी. ओढा पाइपात घातला आणि वर आपण हॉल बांधला.

हॉल समितीचे चिटणीस इथंच पुढे बसलेत. नमस्कार. आम्ही त्यांच्याकडे चावी मागितली, त्यांनी कारण लेखी मागितलं. काका म्हणाले, "काय लिवू? आज्याला भेटाचंय?" तरी अर्ज दिला. विषय पुढच्या मीटिंगमध्ये येणार होता. मीटिंग पुढे गेली. काका त्याआधी गेले.

आणि आज? हॉल सताड उघडा. सतरंज्या अंथरलेल्या, पंखे चालू. अर्ज कुणी मागितला नाही. काका, बघा, बुकिंग मिळालं तुम्हाला. तुमच्याच शोकसभेचं.

एरवी मी यावर अख्खा लेख पाडला असता. आज जमत नाही.

चिटणीस साहेब, पंखे बंद करता का? नाही, उभे राहू नका कुणी. बसल्या जागी सतरंजी थोडी बाजूला सारा आणि तळहात फरशीवर टेकवा. काकी, तुम्हीसुद्धा.

आता कुणी बोलू नका. खालून पाणी जातंय.