पापडीखालचं सोयाबीन

(शेवगावजवळचं शेत, सकाळ. सासू छबूबाई बांधावर, मांडीवर तान्ही नात. सून मोनिका पेरलेल्या पण न उगवलेल्या सोयाबीनच्या ओळीत उकिडवी बसलेली.)

छबूबाई : ऊठ आता. ट्रॅक्टरवाला राधाकृष्ण निघालाय. मोडून टाकू हे, बाजरी पेरू.

मोनिका : थांबा ना आत्याबाई. मका बघा की पलीकडचा, त्याच दिवशी पेरलेला. हातभरही ओळ रिकामी नाही त्याची.

छबूबाई : मक्याचं नको सांगू. त्यो सुईवानी सरळ वर घुसतो. पाऊस झोडपून गेला, वरून ऊन तापलं, मातीनं वर कडक पापडी धरली. सोयाबीनला बीच्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन यावं लागतं. कसं यावं बिचाऱ्यानं?

मोनिका : हे कामावर जाताना म्हणाले, एवढा तुकडा तू बघ. माझ्यावर पहिल्यांदाच काही सोपवलंय कुणी.

छबूबाई : अन् आमी एवढी नात सोपवली ती?

मोनिका : ती मीच दिली तुम्हाला.

छबूबाई : तोंड लई चालतं तुझं. हिनं तुझंच घेतलंय, बघ, झोपेतबी कुरकुर.

मोनिका : आत्याबाई, इकडं या. नखानं जराशी पापडी काढली. दिसलं?

छबूबाई : चष्मा घरी राहिला. तूच सांग.

मोनिका : रोप मान वाकवून बसलंय. पांढरंफटक आहे, पण कुजलं नाही. ह्या ओळीतही तसंच.

छबूबाई : मग उकरू नको. मान तुटली की गेलं ते.

मोनिका : स्प्रिंकलर लावते. वीज आहे आत्ता. वरची माती मऊ झाली की येतील.

छबूबाई : अन् न्हाईच आलं तर? बाजरीचा वापसा, पेरायजोगी ओल, तीबी जाईल. रान मोकळं पडंल पोरी.

मोनिका : माहीत आहे.

छबूबाई : तरी थांबायचं?

मोनिका : इथं बोट फिरवा. हळू. पापडी उचलली गेलीय ना? इथं मी हात लावलेला नाही.

छबूबाई : ...व्हय की गं. आतनं ढकलतंय.

मोनिका : मोटार चालू करू?

छबूबाई : आधी हिला घे. अन् फोन दे माझा. ...राधाकृष्णा, कुठवर आला? मग तिथनंच माघारी फीर. ...न्हाई रं, भांडन कशाचं. मला काय इचारतो? रान तिचं हाय, ती थांब म्हनती.