दोन्ही डावे

बसच्या रांगेत माझ्यापुढे बूट शिवणारे एक कारागीर उभे होते. त्यांच्या पुढच्या मावशी मागे वळून त्यांच्या उघड्या पिशवीत डोकावल्या.

“अहो दादा, हे दोन्ही बूट डाव्या पायाचेच आहेत की!”

“माहितीये, मावशी. मीच शिवलेत.”

“मग घालणार कोण?”

“इजिप्तचा राजा.”

“सकाळी सकाळी थट्टा करायला मीच सापडले का?”

“थट्टा नाही हो. माझ्या लेकीचा वर्ग म्युझियमला गेला होता. तिथल्या बाई मुलांना इजिप्तची जुनी चित्रं दाखवत होत्या. सगळी पोरं राजाचा मुकुट बघतायत, आणि ही आपली पाय बघतेय.”

“पाय कशाला?”

“माझ्या दुकानात वाढलीये ना! म्हणाली, राजा उजवीकडे चाललाय, आणि त्याच्या दोन्ही पायांचे अंगठे आपल्याच बाजूला आहेत. म्हणजे दोन्ही पाय डावे.”

“अगंबाई! मग?”

“पोरं खो खो हसली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, बूटवाल्याची पोर, पायच बघणार.”

“आणि तुम्ही ऐकून घेतलंत?”

“मी कशाला बोलू? म्युझियमच्या बाईच म्हणाल्या, अगदी बरोबर! ते लोक पाय असेच काढायचे. पण एवढी पोरं येऊन गेली, हे आजवर एकालाही दिसलं नव्हतं.”

“गुणाची गं बाई!”

“हा जोड त्यांनीच मागवलाय. चित्राखाली ठेवणार आहेत, म्हणजे येणारं प्रत्येक पोर आधी पाय बघेल.”

“मग पाटी तरी लावतील ना, कुणी शिवले त्याची?”

“लावणार तर! लेकीनंच रंगवलीये. ही बघा, वाचा.”

“‘बूटवाल्याची पोर, पायच बघणार.’”