लाख भरलेला चाटू

ठक्, ठक् आणि मग लाकडाचा सालपा सुटल्याचा मऊ आवाज. अनसिंगच्या महादू सुताराचा वाकस चालला, की मला वाटायचं, याच्यात काय अवघड आहे? बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि हाताला कामाची गरज होती.

मी म्हटलं, "मामा, मले शिकवा."

"पयले एक चाटू करून आन. त्यात कढी थांबली, तं उद्यापासून कामावर ये."

पहिल्या चाटूची, म्हणजे लाकडी पळीची, वाटी कोरताना पटाशी आरपार गेली. मामा म्हणाले, "वा. झारा केला का? भजे काढाले कामी येईन." दुसऱ्याला तशीच दोन भोकं पडली. "आता तं चाळणी बी करतं तू. घरची सारी भांडी तूच कर."

तिसऱ्याला भोक बारीक होतं. विळ्याच्या मुठीत भरतात ती लाख मी त्यात भरली, वरून तेल चोळलं आणि चाटू नेऊन दिला. मामांनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"बसला बाप्पा तुया हात. अवो, कढी आना."

मामीने चुलीवरची उकळती कढी आणली. मामांनी चाटू बुडवून वर उचलला. कढी थांबली.

"पाहा मामा," मी म्हटलं.

तेवढ्यात लाख वितळली आणि सगळी कढी त्यांच्या धोतरावर आली. मामांनी धोतराला चिकटलेली लाख नखाने काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि धोतर बदलायला घरात निघून गेले.